आसूड आणि गरळ

कठोर टीका आणि द्वेष या दोन गोष्टी बोलण्याच्या भरात एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की, दुरून ऐकणाऱ्याला दोहोंचा आवाज सारखाच वाटतो. भाषेने मात्र त्यांच्यासाठी शब्द घडवताना त्यांची सरमिसळ केलेली नाही. ज्याच्यावर टीका होते त्याने काहीतरी केलेले, लिहिलेले किंवा करायचे टाळलेले असते, आणि टीकाकार त्या कृतीकडे बोट दाखवतो. ज्याचा द्वेष होतो त्याने काही केलेलेच असावे अशी अट नसते. त्याचे असणे, त्याची जात, त्याचा धर्म, त्याचे गाव एवढेही कारण द्वेषाला पुरते. 'टीका' हा शब्द तर मुळात ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगण्याशी निगडित आहे, आणि म्हणूनच भगवद्गीतेवरील ज्ञानदेवांच्या भावार्थदीपिकेला आजही टीकाग्रंथ म्हणतात. समजून घेतल्याशिवाय टीका होत नाही, ही अपेक्षा त्या शब्दाच्या पोटातच आहे. धाराशिव जिल्ह्याच्या, म्हणजे काल-परवापर्यंतच्या उस्मानाबादच्या इतिहासात टीका आणि द्वेष या दोन्ही प्रकारच्या बोलण्याची ठळक उदाहरणे सापडतात, आणि त्यांची सांगड घालून पाहिली तर हा फरक केवळ कोशकारांच्या कामाचा नाही हे लक्षात येते.

कठोर टीकेसाठी मराठीत जे वाक्प्रचार रूढ आहेत, त्यांतील बहुतेक रोजच्या कामधंद्यातून आलेले आहेत. वाभाडे काढणे, चिंध्या करणे, लक्तरे वेशीवर टांगणे हे कापडाशी संबंधित आहेत आणि त्यांत वरून धड दिसणाऱ्या गोष्टीचे आतले फाटकेपण उघड करण्याची कल्पना आहे. आसूड ओढणे, कोरडे ओढणे, झोडपून काढणे हे शेतीवाडीच्या आणि जनावरांच्या जगातून आले आहेत. बिनपाण्याने हजामत करणे आणि भादरणे यांचे मूळ न्हाव्याच्या धंद्यात आहे. झाडाझडती घेणे, हजेरी घेणे, धारेवर धरणे यांत जाब विचारण्याचा भाग प्रधान आहे, तर कानउघाडणी करणे यात ज्याला बोलायचे त्याच्याविषयीची आस्था शिल्लक असते, कारण ज्याचे कान उघडायचे त्याने पुढे ऐकावे अशी इच्छा त्यामागे असते. ताशेरे ओढणे हा वाक्प्रचार आता मुख्यतः न्यायालयाच्या किंवा चौकशी अहवालातील प्रतिकूल शेऱ्यांसाठी वापरला जातो. या साऱ्या शब्दांची तीव्रता कमीजास्त असली तरी त्यांना समोर एक चूक, एक दोष, एक कृती लागते. वाभाडे काढण्यासाठी आधी वस्त्र असावे लागते.

द्वेषाच्या शब्दांचे स्वरूप याहून वेगळे आहे. गरळ ओकणे, विष कालवणे, आग ओकणे, आगपाखड करणे, पाण्यात पाहणे, दात-ओठ खाणे, बोटे मोडणे या वाक्प्रचारांत समोरच्याच्या दोषाचा उल्लेख कुठेच नाही. बोलणाऱ्याच्या शरीरात काय साठले आहे आणि ते कसे बाहेर पडते आहे, एवढेच त्यांत सांगितलेले असते. 'गरळ' म्हणजे विष. ते ज्याच्या तोंडातून बाहेर पडते त्याच्याच पोटात ते आधी तयार झालेले असते, हे मराठीने फार नेमके ओळखले आहे. शिव्याशापांच्या भाषेत ही गोष्ट आणखी उघडी पडते. 'तुझा मुडदा बशिवला', 'तुला पटकी येवो', 'निर्वंश होवो' असे शाप समोरच्याला सुधारायला सांगत नाहीत, तर त्याने नाहीसे व्हावे असे म्हणतात. पटकी म्हणजे कॉलरा. ज्या साथीने गावेच्या गावे ओस पडत, तिचे नाव शापात यावे यावरून त्या शब्दांमागची इच्छा किती टोकाची होती हे कळते. तळतळाट मात्र या सर्वांपासून थोडा बाजूला काढावा लागतो, कारण तो बहुधा ज्याच्या हाती काहीच उरलेले नाही अशा दुबळ्याच्या तोंडी असतो, आणि दुबळ्याचा संताप व बलवानाचा द्वेष एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरते.

इंग्रजीतही या दोन भावनांसाठी शब्दांचा मोठा साठा आहे आणि त्यातील काही शब्दांचा प्रवास मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल असा आहे. एखाद्यावर शब्दांनी तुटून पडण्याला 'इन्व्हेक्टिव्ह' म्हणतात. लांबलचक आणि कडवट शाब्दिक हल्ल्याला 'डायट्राइब' म्हणतात, पण ग्रीकमध्ये याच शब्दाचा अर्थ केवळ प्रवचन किंवा चर्चा असा होता. म्हणजे टीका या शब्दाप्रमाणे तोही विवेचनाकडून कठोरपणाकडे सरकत गेला. मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याविरुद्ध अथेन्सच्या डेमॉस्थेनिसने केलेल्या भाषणांवरून 'फिलिपिक' हा शब्द आला, आणि पुढे रोमच्या सिसेरोने मार्क अँटनीविरुद्ध केलेल्या भाषणांनाही तेच नाव मिळाले. पित्त खवळल्याने माणूस संतापतो ही समजूत दोन्हीकडे आहे. इंग्रजीत पित्ताला 'बाइल' म्हणतात आणि कडवट बोलण्यालाही तोच शब्द लावतात.

सर्वांत बोलका शब्द 'व्हिट्रिऑल' हा आहे. तो मुळात काही धातूंच्या सल्फेट क्षारांसाठी वापरला जात असे. काचेसाठी असलेल्या लॅटिन शब्दाशी त्याचे नाते आहे, कारण या क्षारांचे स्फटिक काचेसारखे चमकतात. निळा व्हिट्रिऑल म्हणजे आपला मोरचूद आणि हिरवा व्हिट्रिऑल म्हणजे हिराकस. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण द्राक्षबागायतदार केवड्यासारख्या रोगांपासून वेल वाचवण्यासाठी फवारतात, त्यामुळे हा पदार्थ धाराशिवच्या शेतकऱ्याला परका नाही. या क्षारांपासून काढलेल्या गंधकाम्लाला व्हिट्रिऑलचे तेल म्हणत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सूडापोटी माणसांच्या चेहऱ्यावर ते आम्ल फेकण्याचे गुन्हे घडू लागले आणि जाळून टाकणाऱ्या द्वेषपूर्ण बोलण्यासाठी हा शब्द रूढ झाला. चेहरा विद्रूप करणे हाच ज्याचा हेतू, ते बोलणे टीका असू शकत नाही, ही गोष्ट त्या शब्दाच्या इतिहासातच नोंदलेली आहे.

मराठवाड्याच्या बोलीत या शब्दसंग्रहाला आणखी एक थर आहे. परंडा आणि नळदुर्ग हे जिल्ह्यातील दोन बलाढ्य किल्ले ज्या काळाची आठवण देतात, त्या बहामनी, निजामशाही आणि आदिलशाही राजवटींत आणि पुढे हैदराबादच्या निजामाच्या अमलात फारसी, अरबी व दखनी-उर्दू शब्द मराठीत खोलवर रुजले. नालायक, बेइमान, गद्दार, हरामखोर, बदमाश, लानत हे शब्द आज कोणालाही उसने वाटत नाहीत. त्यांतील काही शब्द, विशेषतः नालायक आणि बेइमान, मुळात कृतीचे मोजमाप करणारे आहेत: पहिला पात्रता नसल्याचे सांगतो, दुसरा इमान मोडल्याचे. वापराने मात्र त्यांची धार इतकी बोथट झाली की, ते आता केवळ शिवी म्हणून उरले आहेत.

कठोर टीका कशी असावी याची महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध कथा याच जिल्ह्यातील तेर या गावची आहे. तेरणा नदीच्या काठच्या या गावी संत गोरोबाकाका कुंभार यांची समाधी आहे. परंपरा असे सांगते की, संतमंडळी त्यांच्या घरी जमली असता मुक्ताबाईंनी कुंभाराच्या थापटण्याविषयी विचारले, आणि मडकी कच्ची की पक्की हे त्याने कळते असे समजल्यावर बसलेल्या संतांचीही परीक्षा करण्यास सांगितले. गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र चिडले, आणि हे मडके कच्चे आहे असा निवाडा झाला. नामदेव दुखावले, पण त्यांनी तो निवाडा अखेर मनावर घेतला, औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांना गुरू केले आणि पुढे पंजाबपर्यंत भक्तीचा संदेश नेला. या कथेत तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. कसोटी सर्वांना एकच लावली गेली. ती लावणारा माणूस आपल्या धंद्यातला जाणकार होता. आणि ज्याला कच्चे म्हटले त्याला पक्के होण्याची वाट मोकळी राहिली. नामदेवांना कच्चे म्हणताना कोणी त्यांच्या शिंपी असण्याचा उल्लेख केला नाही, ही गोष्ट तर विशेष मोलाची आहे, कारण त्या काळी अपमानाचे सर्वांत सोपे साधन तेच होते.

छापखाना आल्यावर मराठीतील कठोर लेखनाला बहर आला. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथाच्या नावातच आसूड आहे, आणि तो आसूड शेतकऱ्याला नाडणारी नोकरशाही, भटशाही व सरकारी धोरण यांवर ओढलेला आहे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी भाषेचे सामर्थ्य दाखवले हे निर्विवाद आहे, पण फुल्यांच्या लेखनाविषयी लिहिताना त्यांची लेखणी आशयापेक्षा त्यांच्या अशुद्ध भाषेची हेटाळणी करण्यात रमली, आणि तिथे टीकेची पातळी सोडून ती जन्माच्या तिरस्काराकडे झुकली असे आज तटस्थपणे वाचणाऱ्याला म्हणावे लागते. १८८८ मध्ये 'सुधारक' काढणारे गोपाळ गणेश आगरकर रूढींविषयी तितकेच कठोर लिहीत. त्यांच्या विरोधकांनी पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकरांनी रूढीवर प्रहार केला आणि विरोधकांनी माणसाच्या मरणाची इच्छा जाहीर केली, एवढे एकच उदाहरण या लेखातील भेद दाखवायला पुरेसे आहे.

हा भेद कायद्याच्या भाषेत कसा मांडायचा, याचा मराठी माणसाशी सर्वांत निकटचा संबंध आला तो १८९७ च्या मुंबईतील खटल्यात. केसरीतील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला आणि सारा वाद 'डिसअफेक्शन' या एका इंग्रजी शब्दाभोवती फिरला. ज्याचे कायदेशीर भाषांतर पुढे 'अप्रीती' असे झाले, त्या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव इतका विस्तृत करून न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी द्वेष, शत्रुत्व, नावड, वैर, तिरस्कार आणि सरकारविषयीची प्रत्येक प्रकारची दुर्भावना त्यात बसते असे ज्यूरीला समजावले. सहा विरुद्ध तीन मतांनी ज्यूरीने दोषी ठरवले आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, भारतीय दंडसंहितेचे १२४-अ हे कलम सुधारून त्यात द्वेष आणि तिरस्कार हे शब्द थेट घालण्यात आले, आणि समाजगटांत शत्रुत्व पसरवण्याविषयीचे १५३-अ हे कलमही त्याच वर्षी आले. मात्र सुधारलेल्या १२४-अ कलमाच्या स्पष्टीकरणांत दुसरा एक शब्द होता, 'डिसॲप्रोबेशन', म्हणजे नापसंती: द्वेष न पसरवता सरकारच्या निर्णयांविषयी किंवा कारभाराविषयी नापसंती व्यक्त करणे हा गुन्हा नव्हे. म्हणजे ज्या सरकारला टीका सहन होत नव्हती त्यालाही टीका आणि द्वेष यांच्यातील रेघ कागदावर तरी मान्य करावी लागली होती.

ती रेघ प्रत्यक्षात पाळली गेली नाही. १९०८ मध्ये केसरीतील लेखांवरून पुन्हा खटला झाला, तेव्हा टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि लेखांच्या इंग्रजी भाषांतरावरच कडक आक्षेप घेतले. मराठी शब्दांना असलेली छटा इंग्रजीत नेताना अधिक भडक करण्यात आली, असे त्यांचे म्हणणे होते, आणि सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी करून त्यांनी ते दाखवण्याचा प्रयत्न केला. ज्यूरीतील बहुसंख्य सदस्यांना मराठी येत नव्हते. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली, जी त्यांनी मंडालेच्या तुरुंगात भोगली. एका भाषेतील कठोर टीका दुसऱ्या भाषेत द्वेष म्हणून वाचली गेली तर त्याची किंमत काय असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

धाराशिव जिल्हा त्या वेळी ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात नव्हता, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथे टीकेला वाव याहूनही कमी होता. 'गश्ती निशान ५३' या फर्मानाने परवानगीवाचून जाहीर सभा घेण्यावर बंधन घातलेले होते. अशा वातावरणात जिल्ह्यातील हिप्परगा या गावी राष्ट्रीय शाळा चालली, आणि १९२९ मध्ये तिच्यावर मुख्याध्यापक म्हणून आलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १९४१ च्या फेब्रुवारीत जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. वतनदारीच्या गुलामीवर बाबासाहेबांनी आयुष्यभर जी टीका केली तिच्यात शब्दांची गय नव्हती, पण तिचे लक्ष्य व्यवस्था हेच होते. उलट ज्यांच्या बाजूने ते बोलत होते, त्यांच्या जातींची नावेच गावगाड्यात शिवी म्हणून वापरली जात होती. जातीचा उल्लेख करून सार्वजनिक जागी अपमान करणे हा गुन्हा मानणारा अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ मध्ये आला, यावरून ही सवय किती चिवट होती हे समजते.

द्वेषाच्या भाषेचा सर्वांत भयंकर अध्याय १९४७ आणि १९४८ या दोन वर्षांत घडला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते, १९८२ मध्ये ते वेगळे झाले, आणि लातूरमध्ये वकिली करणारा कासीम रझवी निजामाच्या राज्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा नेता बनला. त्याच्या भाषणांत कोणत्याही धोरणाची चिकित्सा नव्हती. एका समाजाने राज्य करावे आणि दुसऱ्याने दबून राहावे हाच त्यांचा आशय होता. त्यापाठोपाठ रझाकारांनी खेड्यापाड्यांतून लूट, जाळपोळ व खून केले आणि असंख्य कुटुंबांना सरहद्दीपलीकडे सोलापूर जिल्ह्यात आसरा घ्यावा लागला. याच काळात हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांवर निर्भीडपणे कठोर टीका करत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून करण्यात आला आणि ज्या हाताने ते लिहीत तो हात तोडण्यात आला. रझवी आणि शोएबुल्ला दोघेही मुसलमान, दोघेही उर्दू बोलणारे, दोघेही तिखट शब्द वापरणारे. पण एकाच्या शब्दांनी माणसे मारली गेली आणि दुसरा शब्दांसाठी मारला गेला.

सप्टेंबर १९४८ मधील भारत सरकारच्या पोलीस कारवाईने रझाकारांचा अंत झाला आणि जनता मुक्त झाली. त्यानंतर मात्र सूडाची लाट आली आणि ती रझाकारांशी संबंध नसलेल्या सामान्य मुसलमानांवर कोसळली. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा अंदाज दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे नोंदवले. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. रझाकारांचे अत्याचार जितके खरे, तितकेच हेही खरे, आणि जिल्ह्याच्या इतिहासात दोहोंना जागा मिळायला हवी. द्वेष माणसाला त्याच्या कृत्यावरून नव्हे तर त्याच्या नावावरून ओळखतो, म्हणून त्याच्या उत्तरात उठलेला द्वेषही नेमकी तीच चूक करतो.

सुमारे सत्तर वर्षांनी याच जिल्ह्याने वेगळा धडा गिरवला. १० ते १२ जानेवारी २०२० या काळात उस्मानाबाद येथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. वसईच्या पर्यावरण चळवळीत राहिलेल्या, 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केलेल्या आणि 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेल्या या लेखकाच्या निवडीवर साहित्यिक अंगाने टीका करण्याचा अधिकार कोणालाही होता. झालेल्या विरोधाचा रोख मात्र त्यांच्या लेखनावर नसून ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत यावर होता. धमकीचे दूरध्वनी आले, आणि उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही संमेलनाला जाऊ नये असे सांगण्यात आले. महानोर आले. प्रकृती बरी नसतानाही दिब्रिटो आले, असहिष्णुतेविरुद्ध स्पष्ट शब्दांत बोलले, आणि धाराशिवकरांनी संमेलन थाटात पार पाडले. गोरोबाकाकांच्या जिल्ह्याने एका मराठी लेखकाची परीक्षा त्याच्या धर्मावरून करण्यास नकार दिला, याचा जिल्ह्याने योग्य तो अभिमान बाळगावा. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले.

त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. १५३-अ चा आशय आता तिच्या कलम १९६ मध्ये आहे आणि बदनामीची तरतूद कलम ३५६ मध्ये आहे. म्हणजे एका व्यक्तीच्या लौकिकाला धक्का लावणे आणि संपूर्ण समाजाविषयी वैर पसरवणे हे कायद्यानेही वेगळे ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना असे बजावले की, द्वेषमूलक भाषणाबाबत कोणी तक्रार करण्याची वाट न पाहता पोलिसांनी आपण होऊन गुन्हा नोंदवावा.

कायदा एवढे करू शकतो, पण रोजच्या मराठीचे राखणदार वृत्तपत्रे आणि वाहिन्या आहेत, आणि तेथे आज शब्दांची मोठी गल्लत चालली आहे. एखाद्या आमदाराने रस्त्याच्या दर्जाबद्दल जाब विचारला तरी 'घणाघात', 'हल्लाबोल', 'आगपाखड', आणि एखाद्याने संपूर्ण समाजाला संपवण्याची भाषा केली तर तिला 'जहरी टीका' किंवा नुसते 'वादग्रस्त वक्तव्य'. पहिल्या प्रकारात नागरिकाचा रास्त प्रश्न भांडखोरपणासारखा दिसतो. दुसऱ्या प्रकारात द्वेषाला टीकेचे प्रतिष्ठित वस्त्र मिळते. 'वादग्रस्त' म्हणजे ज्याच्या दोन बाजू असू शकतात ते. एखाद्या जातीच्या किंवा धर्माच्या माणसांना जगण्याचा हक्क आहे की नाही, याला दोन बाजू नाहीत. जे लिहितात, बातम्यांना मथळे देतात, शाळेत वाक्प्रचार शिकवतात, त्यांनी टीकेला टीका म्हणावे, कितीही बोचरी असली तरी तिला जागा द्यावी, आणि जिथे द्वेष आहे तिथे 'द्वेष' हाच शब्द छापावा.